पाठीला भोक पडलेली बाई : सिसवोरो गौतम पुत्र यांचे चित्रपट

इंडोनेशियाच्या भाषेत 'काम्पुंग' म्हणजे गाव, आणि शहरातली गरिबांची वस्तीही. त्यावरून 'काम्पुंगान' असा एक शब्द झाला आहे. तो विशेषण म्हणून वापरला जातो, पण आहे ती शिवीच. भडक, गावंढळ, अडाणी, ज्याला चव नाही असे जे जे काही असेल त्याला जाकार्तातला शिकलेला माणूस काम्पुंगान म्हणतो. माणूस कुठे राहतो यावरून त्याची अभिरुची ठरवून टाकणारा हा शब्द आपल्या वाचकाला फार समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तीचे नावच जेथे शिवी होते तेथे सौंदर्यशास्त्र कोणाच्या मालकीचे असते, हा प्रश्न आपण आपल्या साहित्याच्या संदर्भात पुष्कळ विचारला आहे. तोच प्रश्न येथे एका चित्रपट दिग्दर्शकाच्या निमित्ताने विचारायचा आहे. हा दिग्दर्शक विद्रोही नव्हता, विचारवंत तर नव्हताच. तो भुताखेतांचे धंदेवाईक चित्रपट काढणारा माणूस होता. म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

सिसवोरो गौतम पुत्र यांचा जन्म १९३८ साली उत्तर सुमात्रातल्या किसारान येथे झाला. हा रबराच्या मळ्यांचा मुलूख. डच मळेवाल्यांनी जावा बेटावरून करारबद्ध मजुरांचे तांडे याच भागात आणून राबवले. ('गौतम पुत्र' हे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारतील, पण संस्कृत वळणाची नावे त्या देशात मुसलमानही सहज धारण करतात, त्यातून धर्माचा अंदाज बांधता येत नाही.) १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी एकामागून एक चित्रपट काढले. 'प्रिमितीफ' (१९७८), 'पेंगाब्दी सेतान' (१९८०), 'स्रिगाला', 'जाका सेम्बुंग' आणि 'सुंदेल बोलोंग' (तिन्ही १९८१), 'न्यी ब्लोरोंग' (१९८२), 'तेलागा आंकेर' (१९८४), 'मालम जुमात क्लिवोन' (१९८६), 'मालम सातू सुरो' आणि 'सान्तेत' (दोन्ही १९८८), आणि पुढे आणखी कितीतरी. यांतल्या बऱ्याच चित्रपटांत नायिका एकच, सुझान्ना. इंडोनेशियात तिला भयपटांची राणी म्हणतात. दिग्दर्शकाचे नाव माहीत नसलेला प्रेक्षकही तिचे वटारलेले डोळे विसरत नाही.

हे चित्रपट कोण पाहत असे? शहरातल्या दुय्यम चित्रगृहांतला स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक, आणि खेड्यापाड्यांतला 'लायार तांचाप'चा प्रेक्षक. लायार तांचाप म्हणजे शब्दशः रोवलेला पडदा. मोकळ्या मैदानात बांबू रोवायचे, पडदा ताणायचा, लोकांनी चटया घेऊन यायचे. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या आपल्या पिढीला हे दृश्य परके नाही. अशा ठिकाणी चित्रपट पाहणारा माणूस गप्प बसून पाहत नाही. तो ओरडतो, हसतो, पडद्यावरच्या बाईला सावध करतो. सिसवोरो यांचे चित्रपट याच पाहण्यासाठी बांधलेले आहेत. भीतीच्या दोन प्रसंगांमध्ये विनोदी पात्रांची धांदल येते, मध्येच गाणे येते, मग पुन्हा प्रेत उठते. बोकिर नावाचा नट यांतल्या अनेक चित्रपटांत विनोदी भूमिका करतो. तो मुळात 'तोपेंग बेतावी' या जाकार्ताकडच्या लोकनाट्यातला कलावंत. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा राजाची खिल्ली उडवून पुन्हा कथानकात मिसळून जातो, तसाच तो वावरतो. अभिजन समीक्षकाला ही सरमिसळ म्हणजे रचनेतला दोष वाटतो. पण ज्या परंपरेतून ही रचना आली तिच्यात भय आणि हसू एकाच ताटात वाढतात, हे त्याने पाहिलेच नाही.

या चित्रपटांचा पैसा कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. 'रापी फिल्म्स' या संस्थेचे गोपे सामतानी आणि 'सोराया'चे राम सोराया हे दोन्ही निर्माते मूळ भारतीय वंशाचे. सामतानी सिंधी. योगायोग असा की आपल्या मुंबईत भुतांचे चित्रपट काढून गाजलेले रामसे बंधूही फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबातलेच. एकाच काळात दोन देशांतल्या गरीब प्रेक्षकांसाठी भुते तयार होत होती. पण फरक मोठा आहे. रामसेंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) एका दुष्टाचा शाप राजघराण्यावर आहे आणि ते घराणे शापातून सुटावे म्हणून प्रेक्षक श्वास रोखून धरतो. त्याची सहानुभूती हवेलीच्या बाजूला बांधलेली असते. सिसवोरो यांच्या चांगल्या चित्रपटांत ती कबरीच्या बाजूला असते.

अर्थात सगळ्याच चित्रपटांत नाही. 'प्रिमितीफ'बद्दल आधी कठोर बोलले पाहिजे. मानववंशशास्त्र शिकणारे तीन विद्यार्थी 'मागासलेली' जमात पाहायला जंगलात जातात आणि तिच्या तावडीत सापडतात. इटालियन चित्रपटसृष्टीत त्या वेळी नरभक्षकपटांची लाट आली होती, तिची ही सरळ नक्कल. (संगीतही असेच कुठून कुठून उचललेले; जर्मन वाद्यवृंद क्राफ्टवर्कचे यांत्रिक सूर जाकार्ताच्या जंगलपटात ऐकू येतात.) युरोपीय माणसाने आशियाई जंगलातल्या माणसाला जनावर ठरवणारा साचा तयार केला आणि आशियाई दिग्दर्शकाने तो तसाच उचलून आपल्याच आदिवासींवर बसवला. त्या काळात इंडोनेशियाचे सरकार अशा जमातींना 'मास्याराकात तेरासिंग', म्हणजे तुटलेले, वेगळे पडलेले समाज म्हणत असे आणि सुधारणेच्या नावाखाली त्यांना जंगलातून उठवून वसाहतींमध्ये बसवत असे. पडद्यावर माणसाचे कच्चे मांस खाणारी जमात दाखवली की सरकारचे हे काम किती सोपे होते! चटईवर बसलेल्या गरिबालाही आपल्याहून खालचा कोणीतरी हवा असतो, आणि धंदेवाईक सिनेमा तो लगेच पुरवतो. बॅरी प्रिमा हा पुढे गाजलेला नट याच चित्रपटातून पुढे आला, एवढीच काय ती त्याची जमेची बाजू.

आता 'सुंदेल बोलोंग'. जावातल्या लोकसमजुतीतले हे भूत. गरोदरपणी मेलेली बाई. तिचे मूल कबरीत पाठीतून बाहेर पडते, म्हणून पाठीला भोक. ते झाकण्यासाठी लांब मोकळे केस. आपल्याकडेही बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते आणि तिची पाठ सांगाड्यासारखी उघडी असते असे गावोगाव सांगतात. दोन्हीकडच्या माणसांनी बाळंतपणात मेलेल्या बाईची पाठच का उघडी केली, हा लोकविद्येच्या अभ्यासकांनी सोडवण्याचा प्रश्न आहे. मला येथे नावाकडे लक्ष वेधायचे आहे. 'सुंदेल' म्हणजे वेश्या, 'बोलोंग' म्हणजे भोक. म्हणजे हे भुताचे नाव नव्हेच, ही बाईला दिलेली शिवी आहे. बाई मेली, तिचे मूल मातीत जन्मले, आणि समाजाने तिच्या थडग्यावर नाव कोरले ते 'भोक पडलेली रांड'.

सिसवोरो यांनी या शिवीला एक चरित्र दिले. त्यांची आलिसा पूर्वी वेश्याव्यवसायात होती. एका जहाजाच्या कप्तानाशी लग्न करून ती त्या जगातून बाहेर पडते. नवरा समुद्रावर गेल्यावर ती कपड्यांच्या दुकानात काम शोधायला जाते, तर तेथले लोक तिला पुन्हा त्याच धंद्यात ओढू पाहतात. ती नकार देते. त्या नकाराची शिक्षा म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो. ती न्यायालयात जाते. आणि न्यायालयात तिचा भूतकाळच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. पोटात बलात्काराचे मूल, न्याय नाही, नवरा दूर. ती जीव देते. यानंतरच भूत उठते आणि एकेका गुन्हेगाराला गाठते.

हा क्रम नीट लक्षात घेतला पाहिजे. भूत आधी येत नाही. आधी नोकरी मागून पाहिली जाते, कायदा करून पाहिला जातो. सगळी दारे बंद झाल्यावर कबर उघडते. ज्या देशातल्या न्यायालयाच्या पायरीवर गरीब माणूस कधी चढलाच नाही, चढला तर हात हलवत उतरला, त्या देशातल्या प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पडद्यावरची बाई गुन्हेगाराची मान पिरगाळते तेव्हा मैदानात उठणारा आरडाओरडा निव्वळ भीतीचा नसतो. एक प्रसंग इंडोनेशियात अजूनही लोकांच्या तोंडी आहे : मेलेली आलिसा रात्री रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे येते आणि साते, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाचे तुकडे, मागते. किती? दोनशे काड्या. आणि सगळे खाते. लोक या प्रसंगाला हसतात, हसावे म्हणूनच तो घातला आहे. पण भूक नावाची गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला या हसण्याच्या तळाशी काय आहे ते कळते. पाठीला भोक असलेल्या शरीराचे पोट दोनशे काड्यांनीही भरणार नसते.

येथे इतिहासाची आठवण ठेवणे भाग आहे. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट म्हणून, कम्युनिस्टांचे नातेवाईक म्हणून, किंवा कोणी बोट दाखवले म्हणून किमान पाच लाख माणसे मारली गेली. त्यांना कबरी मिळाल्या नाहीत. नद्या आणि खड्डे मिळाले. त्या रक्तावर सुहार्तोची 'नवी व्यवस्था' उभी राहिली आणि १९९८ पर्यंत टिकली. या हत्याकांडाच्या आधी एक कथा पसरवली गेली : 'गेरवानी' या डाव्या स्त्री-संघटनेच्या बायकांनी लुबांग बुआया येथे नग्न नाच करत, पकडलेल्या सेनापतींची शरीरे कापून विटंबना केली. शवविच्छेदनाच्या अहवालात असे काहीही नव्हते. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८७ मध्ये तो अहवाल जगासमोर आणला. पण कथा आपले काम करून गेली होती. सास्किया वीरिंगा या अभ्यासक बाईंनी दाखवून दिले आहे की संघटित स्त्रीला वेश्या आणि राक्षसीण ठरवणे हा त्या राजवटीच्या पायाचा एक दगड होता. १९८४ पासून तर या कथेचा सरकारी चित्रपटच निघाला आणि तो दरवर्षी दूरदर्शनवर दाखवला जाई, शाळकरी मुलांना पाहावा लागे.

सिसवोरो यांनी हे मनात धरून भुते उठवली असे मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात तिकीटबारी होती. पण ज्या देशात बिनकबरीच्या मृतांबद्दल उघड बोलणे हाच गुन्हा, तेथे नीट न पुरलेली बाई पुन्हा पुन्हा उठून हिशेब मागते आणि लोक तिला पाहायला पुन्हा पुन्हा गर्दी करतात, ही गोष्ट नुसत्या योगायोगावर ढकलता येणार नाही. सरकारी चित्रपटातली राक्षसीण आणि सिसवोरो यांची राक्षसीण एकाच दशकात पडद्यावर होत्या. पहिलीचा तिरस्कार करायला मुलांना रांगेने बसवावे लागे. दुसरीसाठी लोक स्वतःच्या खिशातले पैसे मोजत.

मात्र हे बंड शेवटापर्यंत जात नाही. शेवटी 'क्याई', म्हणजे मुसलमान धर्मगुरू, येतो. तो पवित्र वचने म्हणतो, बाईला तिच्या जागी परत जायला सांगतो, आणि ती जाते. १९८१ मध्ये तेथील चित्रपटसृष्टीसाठी एक नीतिसंहिता ठरली. चांगल्याचा विजय झाला पाहिजे, ईश्वरावरील श्रद्धा वाढली पाहिजे, अशी तिची मागणी होती. सेन्सॉरची कात्री डोक्यावर असताना निर्मात्यांनी त्यावर सोपा उपाय काढला : दीड तास हवे ते दाखवा आणि शेवटच्या काही मिनिटांत धर्मगुरू आणा. तेव्हा या शेवटाला दिग्दर्शकाचे तत्त्वज्ञान मानण्यात अर्थ नाही. तो परवान्याचा शिक्का आहे. तरी शिक्क्याचाही अर्थ असतो. बाईने न्याय स्वतः मिळवला, आणि गुन्हेगार मेल्यावर व्यवस्थेचा प्रतिनिधी येऊन तिलाच म्हणाला, आता पुरे. गुन्हेगार जिवंत होते तेव्हा हा क्याई कोठे होता? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही. आपण विचारू शकतो.

'पेंगाब्दी सेतान' हा त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट, आणि माझ्या मते सर्वांत प्रतिगामी. 'सैतानाचा सेवक' असा त्याचा अर्थ. एक श्रीमंत, आधुनिक, नमाज न पढणारे कुटुंब, आई मरते, घरात दार्मिना नावाची मोलकरीण येते, मग मृत आई परतते आणि घराचा विध्वंस सुरू होतो. ही मोलकरीणच सैतानाची हस्तक निघते. शेवटी क्याई आणि त्याचे शिष्य येऊन घर वाचवतात. भयपट म्हणून तो परिणामकारक आहे यात वाद नाही. रूथ पेलुपेसी या अभिनेत्रीने दार्मिनाच्या थंड चेहऱ्यात जे आणले आहे ते सहज जमण्यासारखे नाही. पण ही भीती कोणाची आहे? आपल्या घरात राबणारी, आपल्या किल्ल्या, आपले आजार, आपली भांडणे सगळे जाणणारी गरीब बाई मनातून आपली शत्रू आहे, ही मालकाची भीती आहे. चटईवर बसलेल्यांपैकी कितीजणींच्या मुली जाकार्तात अशाच घरांतून धुणीभांडी करत असतील! त्यांना त्यांच्याच मुलीची भीती विकण्यात आली. एकाच दिग्दर्शकाने एका वर्षाच्या अंतराने आलिसाही दिली आणि दार्मिनाही दिली. लोकप्रिय कलेकडून सरळ रेषेची अपेक्षा करणाऱ्यांनी हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत.

'न्यी ब्लोरोंग'मध्ये तो पुन्हा जमिनीवर येतो. ही दक्षिण समुद्राच्या राणीच्या दरबारातली सर्पकन्या. तिच्याशी करार करणाऱ्याला अमाप संपत्ती मिळते, मोबदल्यात माणसांचे बळी द्यावे लागतात. जावातल्या खेड्यांत कोणी एकाएकी श्रीमंत झाला की त्याने असाच एखादा करार केला असणार, अशी कुजबुज होते. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६० मध्येच तेथील धनवानांवर 'तुयुल' हे पैसे चोरणारे भूत पाळल्याचा संशय कसा घेतला जाई ते नोंदवले आहे. विवेकवादी माणूस याला अंधश्रद्धा म्हणेल आणि ती आहेच. परंतु तेलाच्या आणि लाकडाच्या पैशावर ठरावीक घरे रातोरात फुगत होती, त्या काळात 'एका माणसाची संपत्ती ही दुसऱ्याच्या जिवाच्या बदल्यात येते' हा त्या अंधश्रद्धेतला गाभा अर्थशास्त्राच्या फार लांब नव्हता. सुझान्नाच्या डोक्यावर वळवळणारे साप पाहायला जाकार्तात त्या वर्षी प्रचंड गर्दी लोटली.

'मालम सातू सुरो'मधली एक कल्पना मला त्यांच्या सगळ्या कामात मोलाची वाटते. सुकेती नावाचे भूत. एक मांत्रिक तिच्या टाळूत खिळा ठोकतो, आणि ती माणूस होते : सुंदर, आज्ञाधारक, मांत्रिकाची मानलेली मुलगी. एका धनिकाशी तिचे लग्न होते, तिला मुले होतात, ती पियानो वाजवते. सुखी संसार. नवऱ्याचे धंद्यातले शत्रू एके दिवशी तो खिळा उपसतात आणि ती पुन्हा भूत होऊन सूडाला निघते. गुणी गृहिणी म्हणजे डोक्यात खिळा ठोकलेली बाई, हे इतके उघड क्वचितच कोणी दाखवले असेल. ही कल्पनाही लोकसमजुतीतलीच आहे, दिग्दर्शकाने शोधलेली नाही. पण खिळा असताना लाभलेला तिचा संसार त्यांनी घाई न करता, जवळजवळ कौतुकाने रंगवला आहे. म्हणून तो उपसला जातो तेव्हा प्रेक्षकाचे मन दोन्हीकडे ओढले जाते. संसार मोडल्याचे वाईटही वाटते, आणि बाई मोकळी झाली असेही वाटते.

पुढे पाश्चात्त्य देशांतल्या शौकिनांनी हे चित्रपट शोधून काढले. चकत्या निघाल्या, 'कल्ट' असे नाव पडले. 'जाका सेम्बुंग' हा खरे म्हणजे डच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या वीराचा, ज्याईर वार्नी यांच्या चित्रकथांवरचा चित्रपट. त्यात तुटलेले अवयव पुन्हा जोडले जाणारा मांत्रिक आहे. परदेशी शौकिनाला तो मांत्रिक तेवढा आठवतो, वेठीला धरलेली माणसे आठवत नाहीत. जाकार्ताचा शिष्ट या चित्रपटांना काम्पुंगान म्हणून नाक मुरडतो, लंडनचा शौकीन त्यांना कल्ट म्हणून डोक्यावर घेतो; दोघेही बसलेले असतात मात्र खुर्चीवरच, आणि चटईवरचा माणूस काय पाहत होता हे दोघांपैकी कोणीही विचारत नाही. दुसऱ्याचे हसणे निदान प्रेमळ आहे, एवढे म्हणता येईल.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस सुहार्तोचे नातलग सुदविकात्मोनो यांच्या 'सिनेप्लेक्स २१' या वातानुकूलित चित्रगृहांच्या साखळीने शहरे व्यापली. तेथे हॉलीवुड चाले. दुय्यम चित्रगृहे बंद पडू लागली, घरोघरी दूरदर्शनच्या खासगी वाहिन्या आल्या, आणि देशी चित्रपटसृष्टी जवळपास बसली. सुझान्ना १९९१ च्या 'आजियान रातू लाउत किदुल'नंतर बरीच वर्षे पडद्यावरून दिसेनाशी झाली. २००८ मध्ये ती गेली. सिसवोरो १९९३ मध्येच गेले होते.

२०१७ मध्ये जोको अन्वर यांनी 'पेंगाब्दी सेतान' नव्याने काढला आणि चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रगृहात जाऊन पाहिला. त्यांनी केलेले बदल पाहण्यासारखे आहेत. कुटुंब आता श्रीमंत नाही. आईच्या आजारपणात सगळे विकून बसलेले आहे. धर्मगुरू येतो, पण त्याच्याने काही होत नाही. तो स्वतःच मारला जातो. घरात मोलकरीण नाही, ठेवायला पैसाच नाही. दार्मिना हे नाव मात्र शेवटी येते. कुटुंब शहरातल्या सदनिकांच्या इमारतीत राहायला जाते, तेथे शेजारच्या बिऱ्हाडात ती नवऱ्यासोबत राहत असते. अंगावर झकपक कपडे, आणि नजर या कुटुंबावर.